छायायंत्र (नौकानयन)

जहाजावरील होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे, हे सूर्याच्या सावलीवरून ठरवण्याचे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज उपकरण. गणितज्ञ पेद्रू नुनिश याने त्याची कल्पना मांडली. दर्यावर्दी दों जुआंव द कास्त्रू याने १५३८ साली लिस्बनहून गोव्याला येताना आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ते कसून वापरले.

अंशांच्या खुणांची गोल तबकडी, मधोमध उभी सळई आणि तबकडीतच बसवलेली चुंबकसुई, एवढाच त्याचा संसार. सकाळी सूर्याची उंची मोजून, सळईची सावली सुईच्या उत्तर टोकापासून किती अंशांवर पडते ते टिपायचे. दुपारनंतर सूर्य तेवढ्याच उंचीवर उतरला की दुसरी नोंद. सकाळची सावली पश्चिमेला ५० अंश आणि नंतरची पूर्वेला ६२ अंश आली, तर खरी उत्तर दोहोंच्या मध्यावर, म्हणजे सुईच्या पूर्वेला ६ अंशांवर. सुई तितकीच पश्चिमेकडे ढळलेली. ऐन माध्यान्हीचा क्षण साधावा लागत नाही, हा मोठा फायदा. आभाळ भरून आले की मात्र यंत्र निकामी. कोकणच्या पावसाळ्यात त्याचा काय उपयोग!

सुईचा ढळ रेखांशाच्या प्रमाणात बदलतो आणि त्यावरून समुद्रात रेखांश काढता येईल, अशी त्या काळी अनेकांची आशा होती. कास्त्रूच्या नोंदींनी ती फोल ठरवली. याहून मोलाची निरीक्षणे दोन. जवळच्या लोखंडी तोफेने सुई बहकते, हे त्याने प्रवासातच ओळखले. १५३८ च्या डिसेंबरात वसईला तर जमिनीवरच सुई भलतीकडे वळली. जागा बदलताच ढळ बदलला, तेव्हा दोष तिथल्या खडकाचा आहे हे त्याने ताडले. दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकीय लोहखनिज असते, हे आज भूगोलाचा विद्यार्थीही सांगेल. त्या वेळी ते हाताशी आलेल्या आकड्यांवरूनच उमगावे लागले.

या नोंदी हस्तलिखितांतच पडून राहिल्या. गोवा ते दीव हा भाग १८४३ मध्ये, तर लिस्बन ते गोवा हा १८८२ मध्ये छापला गेला. तोवर जहाजाच्या लोखंडाचा प्रश्न इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सने स्वतंत्रपणे हाताळला होता आणि होकायंत्राशेजारी दुरुस्तीचे लोखंडी दांडे व गोळे बसू लागले होते. कास्त्रूने सुई तपासलेल्या याच किनाऱ्यावर, मुंबईत, कुलाबा वेधशाळेने १८४१ पासून चुंबकीय नोंदी ठेवल्या. विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले.