मौलाना आझादांचा चहा

दरवर्षी ११ नोव्हेंबरला उर्दू शाळांमधून आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या वाचनालयांतून मौलाना अबुल कलाम आझादांच्या फोटोला हार घातला जातो. देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांची जयंती राष्ट्रीय शिक्षण दिन असते. फोटो ठरलेला आहे. उंच टोपी, गळ्यापर्यंत बंद शेरवानी, टोकदार दाढी, काळा चष्मा. भाषणंही ठरलेली आहेत. मौलाना राष्ट्रीय एकात्मतेचे प्रतीक होते, फाळणीचे विरोधक होते, थोर विद्वान होते. सगळं खरं आहे. पण या भाषणांतून मौलाना माणूस म्हणून काही भेटत नाहीत. प्रतीकाला भूक लागत नाही, झोप येत नाही, चहाची तल्लफ येत नाही. मौलानांना ती येत असे, आणि पहाटे साडेतीन-चारला येत असे.

हे कळायला त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ वाचावं लागतं. आणि हे पुस्तक आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात लिहिलं गेलं, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. काँग्रेसचे अध्यक्ष मौलानाच होते. ९ तारखेच्या पहाटे अटका झाल्या. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि कार्यकारिणीच्या मंडळींना खास गाडीनं अहमदनगरला. मौलाना, नेहरू, सरदार पटेल, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपले शंकरराव देव आणि इतर, असे बारा जण. बाहेरच्या जगाला ते नेमके कुठं आहेत हेही सुरुवातीला सांगितलं गेलं नव्हतं. वर्तमानपत्रं बंद, पत्रव्यवहार बंद.

नेहरूंनी तिथं बाग फुलवली आणि पुढं ‘भारताचा शोध’ लिहिला. मौलानांनी पत्रं लिहिली. ती आपले जुने स्नेही नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती. पत्र पाठवता येणार नाही हे ठाऊक असूनही ते लिहीत राहिले. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. या पत्रांत राजकारण जवळजवळ नाही. देव आहे, तत्त्वज्ञान आहे, इतिहास आहे, चिमण्या आहेत, सतार आहे. आणि चहा आहे.

मौलानांचा चहा म्हणजे आपला चहा नव्हे. ते चिनी चहा पीत, चमेलीच्या सुगंधाचा. त्या चहाच्या ‘व्हाइट जस्मिन’ या नावाचं ते कौतुकानं ‘गोरी चमेली’ असं भाषांतर करत. दूध नाही. साखर घ्यायची ती अगदी स्वच्छ, नाहीतर चहाचा रंग आणि चव बिघडते. कप लहान, नाजूक. पहाटे उठायचं, चहा स्वतः करायचा आणि एकेक घोट सावकाश घ्यायचा. घोटामागून सिगारेटचा एक झुरका, पुन्हा घोट. आपण हिंदुस्थानी लोक जे दूध-साखर घालून उकळतो त्याची त्यांनी यथेच्छ टिंगल केली आहे. त्यांच्या मते तो चहा नसून एक प्रकारचा पातळ हलवा आहे, जो लोक खाण्याऐवजी पितात. दुधाची ही खोड त्यांनी इंग्रजांच्या माथी मारली आहे.

आता आपण आलं-वेलची घालून, दूध आटवून चहा करणारी माणसं. हे वाचताना राग यायला हवा, पण येतो हसू. कारण मौलाना यात स्वतःचीही गंमत करतात. एका घोटाच्या तारतम्यावर पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस म्हणजे ज्याच्या नावानं सरकार धास्तावलं होतं तो काँग्रेसचा अध्यक्ष, ज्याच्या ‘अल-हिलाल’ साप्ताहिकानं १९१२ पासून उत्तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांना हलवून सोडलं तो संपादक, आणि कुराणाचा भाष्यकार.

हा शौक म्हणजे खानदानी ऐषाराम, असं कुणी म्हणेल. माझं मत वेगळं आहे, आणि त्याला कारण सिगारेटची हकीकत. १९२१ मध्ये अटक झाली तेव्हा तुरुंगात तंबाखू मिळणार नाही हे मौलानांना ठाऊक होतं. त्यांनी सिगारेटची डबी बाजूला ठेवली आणि विषय संपवला. पुढं सुटकेच्या दिवशी अधिकाऱ्यानं सिगारेट पुढं केली, तेव्हा ज्या निश्चयानं सोडली होती त्याच निश्चयानं त्यांनी ती घेतली, असं ते मिस्कीलपणे लिहितात. शौक त्यांच्या हातात होता, ते शौकाच्या हातात नव्हते. आपल्याकडं साधेपणा म्हणजे चव नसणं आणि रसिकता म्हणजे ताबा नसणं, असे दोनच कप्पे आहेत. मौलाना दोन्हींत बसत नाहीत.

संगीताचं तर याहून विशेष. मौलानांचे वालिद मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर. मुरीदांचा मोठा गोतावळा, घरचं वातावरण कडक. मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. पुढं कुटुंब कलकत्त्याला आलं. आधुनिक शिक्षणानं ईमान जातं असं मानणारं हे घर, तिथं सतारीचं नाव कोण काढणार? पण कलकत्त्यातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडं ‘राग दर्पण’ या संगीतावरच्या फारसी ग्रंथाची प्रत तरुण मौलानांच्या हाती पडली. मदरसा आलियाचे प्राचार्य डेनिसन रॉस तिथं होते. त्यांनी ग्रंथातल्या मजकुराबद्दल विचारलं आणि मौलानांना सांगता येईना. फारसी समजत होती, राग समजत नव्हते. हे अज्ञान त्यांना इतकं झोंबलं की त्यांनी मसीता खान नावाच्या उस्तादांना गाठून, घरच्यांच्या नकळत, सतारीचे धडे सुरू केले. काही वर्षं रियाज केला. आग्र्याला असताना चांदण्या रात्री सतार घेऊन ताजमहालाच्या यमुनेकडच्या गच्चीवर ते जात, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढं सतार सुटली, कान मात्र सुटला नाही. आयुष्यातल्या इतर गरजांवाचून राहता येईल, संगीतावाचून राहवणार नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा मथितार्थ आहे.

आपल्या समाजात आजही ‘गाणं हराम की हलाल’ यावर घराघरांत वाद होतात. मुलीनं गाणं शिकावं म्हटलं की नातेवाईक कुजबुजतात. अशा वेळी कुराणाचा तर्जुमा करणारा, भाष्य लिहिणारा एक आलिम आपल्या सतारीची हकीकत संकोच न करता सांगतो, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. आणि ते केवळ खासगीत राहिलं नाही. मौलाना शिक्षणमंत्री असताना १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी आणि १९५४ मध्ये साहित्य अकादमी व ललित कला अकादमी सुरू झाल्या. ज्या गोष्टीसाठी त्यांना तरुणपणी लपावं लागलं, तिला त्यांनी सरकारी मान्यतेचं घर दिलं.

पण मौलानांच्या या जीवनशैलीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते एकांतप्रिय होते. एकांत ही शिक्षा कशी होऊ शकते, असा प्रश्न पडणारा हा माणूस. गर्दीत मिसळणं, खांद्यावर हात टाकणं, दारावर आलेल्या कार्यकर्त्याशी तासभर बोलणं हा त्यांचा पिंड नव्हता. भाषा फारसी-अरबीनं मढवलेली. भाषण ऐकताना लोक भारावत, पण त्यातलं किती सामान्य विणकराला कळत असेल? याउलट बॅरिस्टर जीना. उत्तम शिवलेले सूट, इंग्रजी बोलणं, धर्माचरणाशी फारसा संबंध नाही. त्यांनी १९४० मध्ये मौलानांना काँग्रेसचा ‘शो बॉय’ म्हटलं. १९४५-४६ च्या निवडणुकीत केंद्रीय विधिमंडळातल्या मुस्लिम मतदारसंघांच्या सगळ्या जागा मुस्लिम लीगनं जिंकल्या. मक्केत जन्मलेला आलिम मागं पडला आणि सूटवाले बॅरिस्टर ‘कायदे आझम’ झाले.

याचा दोष मौलानांच्या चहाला देणं हास्यास्पद ठरेल. फाळणीची कारणं मोठी आहेत. तरीही एक गोष्ट यातून शिकण्यासारखी आहे. नेत्याच्या कपड्यांवरून आणि दाढीवरून त्याचं राजकारण ओळखायला जाऊ नये. आज आपण टीव्हीवर टोपी पाहून ‘कट्टर’ आणि कोट पाहून ‘सुधारक’ ठरवतो. आपल्याच इतिहासातली ही दोन माणसं त्या हिशोबात बसत नाहीत.

आता किल्ल्याकडं परत येऊ. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली होती. गवत-काड्यांचा कचरा खाली पडे. आधी त्यांनी युद्ध पुकारलं, हाकलून पाहिलं, आणि मग हार मानून तह केला. दाणे ठेवायला लागले. हळूहळू चिमण्या इतक्या धीट झाल्या की तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावंही दिली. एक मुल्ला, एक सूफी, एक कलंदर, एक मोती. या नावांतला खट्याळपणा मदरशात शिकलेल्यांना जास्त कळेल.

त्याच खोलीत १९४३ मध्ये त्यांच्या बेगम जुलेखांच्या आजाराची खबर आली. ३ ऑगस्ट १९४२ ला मौलाना कलकत्त्याहून निघाले तेव्हा त्या दारापर्यंत येऊन खुदा हाफिज म्हणाल्या होत्या. ती शेवटची भेट. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं की सरकारकडं काही मागणं असेल तर मी लगेच पोचवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारविरुद्ध लढा, त्याच्याकडं स्वतःसाठी अर्ज नाही. ९ एप्रिलला बेगम गेल्या. पुढं काही महिन्यांत भोपाळमध्ये बहीण आबरू बेगमही गेल्या.

त्या दिवसांचं त्यांनी जे लिहिलं आहे ते मला या पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक लेखन वाटतं. त्यांनी दिनक्रमात काडीचा फरक पडू दिला नाही. तोच चहा, तीच जेवणाची वेळ, तेच लिहिणं. आणि मग ते स्वतःच कबूल करतात की ही शांतता वरवरची होती, दाखवण्यापुरती होती. आत काय चाललं होतं ते शरीरानं सांगितलं. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेलं वजन अहमदनगर सोडताना १३० वर आलं होतं.

म्हणून मला त्या चहाकडं निव्वळ शौक म्हणून पाहवत नाही. बेड्या घालणाऱ्यानं दिवसाचे चोवीस तास घेतले होते. पहाटेचा एक तास मौलानांनी दिला नाही. तो त्यांचा होता, त्यात पाणी किती तापवायचं आणि पान किती घालायचं हे तेच ठरवत. बायको मृत्युशय्येवर असताना अर्ज न करणारा निग्रह आणि चहात दूध न घालणारा हट्ट एकाच माणसाचे आहेत. हा निग्रह बरोबर होता का, हा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. बेगमना काय वाटलं असेल हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्या थोर पुरुषांच्या चरित्रांत बायकांची बाजू अशीच कोरी राहते.

किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते माहीत नव्हतं. मौलानांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. बेगमच्या निधनानंतर त्या अनोळखी कबरीशी आपलं नातं जुळल्यासारखं त्यांना वाटू लागलं, असं ते लिहितात. येत्या ११ नोव्हेंबरला शाळेतल्या मुलांना एकात्मतेवरच्या भाषणाआधी ही कबर सांगावी, चिमण्यांची नावं सांगावीत आणि गोऱ्या चमेलीचा किस्साही सांगावा. मुलं भाषण विसरतील, मुल्ला नावाची चिमणी विसरणार नाहीत.