फ्रोडोचा हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेत पेन्शनरांची रांग लागते. समोर धडधडीत उभा असलेला माणूस जिवंत आहे, हे कागदावर लिहून घेणं माझं काम. त्यामुळे भाच्याच्या टी-शर्टावर ‘फ्रोडो लिव्हज्’, म्हणजे फ्रोडो जिवंत आहे, असं वाचल्यावर तोंडून निघून गेलं, “दाखला कोणी दिला?” भाचा असा हसला, की मी चिडून वाचायलाच बसलो.

फ्रोडो हा ऑक्सफर्डचे प्रोफेसर टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक. बुटका, केसाळ पायांचा, जेवणाच्या वेळा सांभाळणाऱ्या जमातीतला, थोडक्यात, कारकूनच! पुस्तक आलं १९५४-५५ साली, तीन जाडजूड खंडांत. असल्या पुस्तकाने क्रांती होत नाही, खिशाला परवडत नाही. पण १९६५ साली एस बुक्स या अमेरिकन प्रकाशनाने कायद्यातली फट शोधून, लेखकाला न विचारता, ७५ सेंटांत एकेक खंड काढला. पाठोपाठ लेखकाच्या संमतीची बॅलंटाइनची आवृत्ती आली, ९५ सेंटांना. भांडण गाजलं, पुस्तक कॉलेजच्या पोरांच्या हाती पोचलं आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या भिंतींवर फ्रोडो जिवंत झाला. आपल्याकडे ‘अमर रहे’साठी माणूस आधी जावा लागतो, हा तर जन्मलाच नव्हता!

दुसरा बिल्ला होता, ‘गॅन्डाल्फ फॉर प्रेसिडेंट’. गॅन्डाल्फ हा त्यातला जादूगार. जगावर सत्ता चालवणारी अंगठी फ्रोडो त्याला देऊ करतो, तर तो घाबरून नको म्हणतो. व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं येईल म्हणून धास्तावलेल्या पोरांना असाच राष्ट्राध्यक्ष हवा होता. १९६८ साली निवडून आले निक्सन.

प्रोफेसरसाहेब मात्र कट्टर कॅथलिक, जुन्या वळणाचे. त्यांच्या बुटक्यांच्या पाइपात पोरांना गांजा दिसला. साहेबांनी प्रस्तावनेतच ती तंबाखूची जात म्हटली आहे. अमेरिकन भक्त वेळेचा हिशेब न करता मध्यरात्री त्यांना फोन करीत. पण पोरं अगदीच चुकली नव्हती. साहेब १९१६ साली सोमच्या खंदकांत होते. १९१८पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच उरला.

त्यांचा फ्रोडोही मरत नाही. अंगठी नष्ट होते, तो घरी परततो. पण जखम दुखतच राहते, घरात मन लागत नाही. शेवटी जहाजात बसून पश्चिमेला निघून जातो.

परदेशी राहणाऱ्या पेन्शनराचा दाखला आम्ही वकिलातीच्या सहीने घेतो. तिकडे आपली वकिलात आहे का, ते भाच्याला बघायला सांगितलंय.