कानोसा आणि मोजणी

मराठीत 'कानोसा' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. ऐकणे वेगळे आणि कानोसा घेणे वेगळे. जे मोठ्याने बोलले जात नाही, दाराआड कुजबुजले जाते, त्याची चाहूल घेणे म्हणजे कानोसा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली भागातील स्त्रियांच्या आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. महाराष्ट्रातील बालमृत्यूंसंबंधी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाचे नाव 'कोवळी पानगळ'. एक आरोग्याचे पुस्तक, दुसरा आकडेवारीचा अहवाल. आणि दोहोंची नावे अशी की साहित्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आरोग्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास हा ऐकणे आणि मोजणे या दोन क्रियांच्या भेटीचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. ही भेट जेथे झाली तेथे काही बदलले; जेथे चुकली तेथे माणसे पूर्वीसारखीच मुकाट्याने मरत राहिली.

मोजणी या मुलखाला नवी नव्हती. इंग्रजी अमलात मेजर लुसी स्मिथने चांदा जिल्ह्याच्या जमीन बंदोबस्ताचा अहवाल १८६९ मध्ये सिद्ध केला. जमीन मोजली गेली, सारा ठरला. पुढे जंगल खात्याने आलापल्लीकडचा साग मोजला. गावातील जन्म-मृत्यू कोतवाल बुकात चढू लागले. म्हणजे माणूस जन्मला आणि मेला याची नोंद झाली. मधले जगणे कसे होते आणि मरणामागे काय होते, हे लिहिण्याची सोय मात्र त्या वहीत नव्हती. युरोपात याच सुमारास, १८४८ मध्ये, रुडॉल्फ फिर्खो या तरुण डॉक्टरास प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करण्यास धाडले होते. त्याने औषधांच्या यादीऐवजी शिक्षण, स्वातंत्र्य आणि भाकरी यांची मागणी केली. रोगाचे मूळ शरीराबाहेरही असते, हा विचार तेव्हापासूनचा. आपल्याकडे तो पोहोचायला फार वेळ लागला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी सरकारी कार्यक्रमात स्त्रीचे आरोग्य म्हणजे मुख्यतः कुटुंबनियोजन. बाईला गर्भाशय आहे एवढेच व्यवस्थेस ठाऊक होते. त्या गर्भाशयास दुखते हे ठाऊक नव्हते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून राणी बंग व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधले अंतर हे वैद्यकाचे नव्हे, समाजाचे आहे. लाज, पुरुष डॉक्टर, दूरचा दवाखाना, बुडणारी मजुरी आणि 'बाईचा जन्मच असा' ही समजूत, एवढ्या सगळ्यांनी मिळून ते अंतर घडविले. आधी कानोसा घेतला गेला म्हणून मोजणी शक्य झाली. मोजणी झाली म्हणून तो कानोसा जगाला ऐकू गेला.

दवाखान्याचीही अशीच गोष्ट. गोंड लोक रुग्णालयात येत नाहीत, हे 'अज्ञान' म्हणून सोडून देणे सोपे होते. त्यांनाच विचारले तेव्हा उत्तरे मिळाली. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. नातेवाइकांना बाहेर घालवता. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि तुमचा देव कोठे आहे? मग शोधग्रामात आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. रुग्णाजवळ नातलगांना राहता येऊ लागले आणि दवाखान्यास माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. भीती हीदेखील आरोग्याची एक सामाजिक स्थिती आहे, हे आम्हां भाषेच्या माणसांना तरी पटायला हरकत नसावी.

नवजात बालकांच्या बाबतीत तर एकेका मृत्यूमागची कारणांची साखळीच समोर आली. आईचा रक्तक्षय, गरोदरपणातला हिवताप, नवऱ्याची दारू, कमी वजनाचे मूल, पाणी घालून पातळ केलेले दूध, पुराने अडवलेली वाट. प्रत्येक कडी गरिबीला जोडलेली. साखळी लांब म्हणून निराश व्हावे, तर तिचे दुसरे टोकही होते: एखादी कडी तोडली तरी मूल वाचू शकते. गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजातांची काळजी घेतली गेली. तेथील नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ होता. तो १९९७-९८ पर्यंत सुमारे २६ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ६० च्याच आसपास राहिला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात सेवेचे काम 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोपविले.

मात्र मोजणी निष्पक्ष असते असे मानण्याचे कारण नाही, आणि याचा पुरावा आमच्या मूल परिसरात आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. अलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो स्त्रिया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, हे कारण देण्यात आले, आणि ते अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. पण बुडालेला महसूल मोजण्यास तक्ता तयार असतो, दाखल गुन्हे मोजण्यास पोलीस ठाणे असते. नवरा शुद्धीवर घरी आल्यामुळे जी मारहाण झाली नाही, ती कोणत्या रकान्यात लिहावी? काय मोजायचे हे आधी कोणाचे ऐकले यावर ठरते.

आमच्या हातातही एक मोजणीची वही असते, ती म्हणजे हजेरीपट. आषाढ लागला, बांध्यांत चिखल झाला, पऱ्हे उपटून रोवणी सुरू झाली की वर्गातल्या मुलींच्या नावांपुढे आम्ही वर्षानुवर्षे गैरहजेरी लावीत आलो. एका वर्षी बी. ए.च्या एका हुशार विद्यार्थिनीस आम्ही भर वर्गात बोल लावला. ती काही बोलली नाही. पुष्कळ दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळले की आईचे अंग बाहेर येते, तिला वाकून चिखलात उभे राहवत नाही, म्हणून आईच्या जागी मुलगी रोवणीला जाते. आईने हे कोणा डॉक्टरला सांगितले नव्हते. मुलीनेही आम्हांला सांगितले नसते. आम्ही विचारलेच नव्हते.

पुढच्या तासाला आम्ही तिची माफी मागितली. त्या वर्षापासून हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, नावे न घालता, गैरहजेरीची कारणे लिहून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. रोवणी, धाकट्या भावाचा ताप, बापाची दारू, तेंदूपाने, बस आली नाही. विद्यापीठ हे पान कधी मागणार नाही. साहित्य शिकविताना मात्र ते आम्हांला उपयोगी पडते.