स्वभाववाचक शब्दसंग्रह, इंग्रजी

माणसाचा स्वभाव, वृत्ती आणि वागण्याची तऱ्हा सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचा समूह. त्यात शाय, स्टबर्न, जेनरस अशी विशेषणे, त्यांवरून झालेली भाववाचक नामे आणि मायझर, बुली, स्नॉब यांसारखी अख्खा माणूसच एका शब्दात बांधणारी नामे येतात. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हा संग्रह शब्दकोशातून वेचून काढला आणि व्यक्तिमत्त्वमापनाची आजची बरीचशी साधने त्यावर उभी राहिली. त्यामुळे त्याचे महत्त्व केवळ भाषिक राहिलेले नाही.

घडण : इंग्रजीत मूळचे जर्मानिक शब्द आणि फ्रेंच-लॅटिनमधून आलेले शब्द शेजारी शेजारी नांदतात. काइंड आणि बेनेव्हलंट, फ्रेंडली आणि ॲमिकेबल या जोड्यांत अर्थ जवळचा असला, तरी पहिला शब्द घरगुती आणि दुसरा लेखी वळणाचा. प्राचीन वैद्यकातील चार देहद्रवांच्या कल्पनेतून सँग्विन, कॉलरिक, फ्लेग्मॅटिक व मेलँकॉलिक हे शब्द आले. वैद्यक मागे पडले, शब्द टिकले. फलज्योतिषाने गुरूवरून जोव्हिअल, शनीवरून सॅटर्नाइन आणि बुधावरून मर्क्युरिअल हे शब्द दिले. स्पॅनिश कादंबरीकार सेर्व्हान्तेसच्या नायकामुळे क्विक्झॉटिक रूढ झाला. सतराव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसच्या तीस स्वभावचित्रांच्या धर्तीवर जोसेफ हॉल (१६०८) आणि जॉन अर्ल (१६२८) यांनी इंग्रजीत व्यक्तिप्रकारांची शब्दचित्रे लिहिली. आज सर्वांच्या तोंडी असलेली इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी मात्र अलीकडची. मानसशास्त्रज्ञ युंगचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ १९२१ मध्ये जर्मनमध्ये निघाला. त्याच्या १९२३ च्या इंग्रजी भाषांतरानंतर ती लोकांत पसरली.

संकलन : समाजाला माणसामाणसांतले जे भेद महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत शब्द मिळतो, हे या कामामागचे गृहीत. फ्रान्सिस गाल्टनने १८८४ मध्ये रॉजेटचा अर्थकोश चाळून स्वभाववाचक शब्द सुमारे एक हजार असावेत, असा अंदाज केला. यातील प्रत्येक शब्दाला स्वतःची छटा असते, पण बराचसा अर्थ इतर शब्दांशी वाटून घेतलेला असतो, हे त्याचे निरीक्षण पुढच्या सगळ्या कामाचे बीज ठरले.

या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांचे. वेब्स्टरच्या १९२५ च्या बृहत्कोशातून त्यांनी एका माणसाचे वागणे दुसऱ्यापासून वेगळे दाखवू शकेल असा प्रत्येक शब्द टिपला. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत १७,९५३ शब्द आहेत. ही यादी नुसती लांबलचक नाही; ती चार स्तंभांत मांडलेली आहे आणि खरी कोशकारी त्या मांडणीत आहे. पहिल्या स्तंभात माणसात टिकून असणारे गुण सांगणारे ४,५०४ शब्द आहेत : ॲग्रेसिव्ह, सोशिएबल, इंट्रोव्हर्टेड. दुसऱ्यात त्या त्या वेळच्या मनःस्थितीचे किंवा कृतीचे ४,५४१ : ॲबॅश्ड, फ्रँटिक, रिजॉइसिंग. तिसऱ्यात बरेवाईट ठरवणारे, म्हणजे निवाड्याचे, ५,२२६ : वर्दी, ॲक्सेप्टेबल, इन्सिग्निफिकंट. शारीरिक लक्षणे, कुवत, लाक्षणिक प्रयोग आणि कुठेच न बसणारे असे ३,६८२ शब्द चौथ्यात गेले. स्तंभांच्या सीमा पक्क्या नाहीत. ॲन्क्शस हा शब्द घेतला, तर परीक्षेच्या सकाळी कोणालाही तो लागू पडतो आणि काहींना जन्मभर लागू पडतो. अशा शब्दापाशी संकलकाला निवाडा करावाच लागतो, आणि तो या दोघांनी हजारो वेळा केला. तिसरा स्तंभ सर्वांत मोठा आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांकडे माणसाचे टिकाऊ गुण सांगण्यापेक्षा त्याचा न्याय करण्यासाठी अधिक शब्द होते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. सामाजिक मतांचाच अभ्यास करायचा नसेल, तर मानसशास्त्रज्ञांनी हे शब्द टाळावेत, असे खुद्द संकलकांनी सुचवले, आणि पुढच्यांनी बहुतांशी तेच केले.

गाळणी : रेमंड कॅटेलने १९४३ पासून पहिल्या स्तंभावर काम करून साडेचार हजार शब्द आधी १७१ गटांवर आणि अखेर ३५ चलांवर आणले. एकत्र आढळणारे गुण हेरून त्यांचे मोजके घटक काढण्याच्या पद्धतीची, म्हणजे घटक-विश्लेषणाची, आकडेमोड तेव्हा हाताने करावी लागे. इतक्या कठोर काटछाटीचे ते एक मोठे कारण. त्याची सोळा घटकांची प्रश्नावली १९४९ मध्ये आली. अमेरिकी हवाईदलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना १९६१ मध्ये तशाच चलांतून पुन्हा पुन्हा पाचच घटक मिळाले. त्यांचा अहवाल लष्करी दप्तरात राहिला आणि मानसशास्त्राच्या नियतकालिकात १९९२ मध्येच छापला गेला. वॉरन नॉर्मनने १९६३ मध्ये हे पाच घटक विद्यापीठीय जगापुढे आणले आणि पुढे वेब्स्टरच्या नव्या आवृत्तीतून शब्दसंग्रह पुन्हा वेचला. लुइस गोल्डबर्गने १९८१ मध्ये त्यांना 'बिग फाइव्ह' हे नाव दिले. बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि बौद्धिक खुलेपणा हे ते घटक. गोल्डबर्गच्या १९९२ च्या साधनात शंभर विशेषणे आहेत. बॅशफुल, केअरलेस, टॉकेटिव्ह असे एकेक सुटे शब्द समोर येतात आणि आपल्याला तो कितपत लागू पडतो हे नऊ पायऱ्यांच्या श्रेणीवर नोंदवायचे असते.

आवडनिवड : नॉर्मन अँडरसनने १९६८ मध्ये ५५५ स्वभावशब्दांना, तसा माणूस किती आवडेल यानुसार, विद्यार्थ्यांकडून गुण मिळवले. सिन्सिअर सर्वांत वर आणि लायर तळाशी आला.

वाद : पाच हा आकडा भाषेत दडलेला आहे की गाळणीतून आला, यावर एकमत नाही. जॅक ब्लॉकने १९९५ मध्ये सुट्या विशेषणांवर भिस्त ठेवण्यालाच हरकत घेतली. टेलेगन आणि वॉलर यांनी निवाड्याचे शब्द न वगळता निवड केली तेव्हा सात घटक निघाले. वाढीव दोन घटक थोरपणा व नीचपणा यांसंबंधीचे होते. ॲश्टन आणि ली यांनी कोरियन, हंगेरियन, इटालियन आदी भाषांतील कामाच्या आधारे प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटक मांडला. प्रस्तुत नोंदीच्या मते टेलेगन-वॉलर यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो थेट १९३६ च्या तिसऱ्या स्तंभाकडे बोट दाखवतो.

नामे व क्रियापदे : यांवर विशेषणांच्या मानाने फार थोडे काम झाले आहे.

भारतीय संदर्भ : हिंदीतील स्वभावशब्दांचा अशा पद्धतीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात सत्त्व, रज, तम या त्रिगुणांचा आधार घेतला आहे. इंग्रजी स्वभावशब्दांना मराठी प्रतिशब्द देण्याचे मोठे काम मोल्सवर्थ-कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात झाले. आजच्या बोलण्यात मूडी, सेन्सिटिव्ह, प्रॅक्टिकल हे शब्द जसेच्या तसे वापरले जातात. मराठी स्वभावशब्द वेचू पाहणाऱ्यांनी इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर हा आरंभबिंदू धरू नये. घुमा, आगाऊ, लाघवी, करंटा, आतल्या गाठीचा हे सगळे आधी टिपावेत आणि निवाड्याचे शब्द पहिल्याच फेरीत गाळू नयेत.