बाराव्या पडद्याचा सांधा

वाद्यांच्या इतिहासांत वादकांचीं नांवें ठळक अक्षरांनीं लिहिलीं जातात; सुतारकामाच्या गोष्टी मात्र समासांतच राहतात. परंतु वाद्याचा आवाज पुष्कळदां या समासांतल्या गोष्टींवरच अवलंबून असतो. गिटारीची दांडी तिच्या पोकळ धडास कितव्या पडद्याशीं जोडावी, हा असाच एक प्रश्न आहे. नायलॉनच्या तारांच्या गिटारींत हा सांधा बहुधा बाराव्या पडद्याशीं असतो. पोलादी तारांच्या गिटारींत तो बहुधा चौदाव्या पडद्याशीं आढळतो. हा दोन पडद्यांचा फरक केवळ रूढीचा, कीं त्याच्या मुळाशीं कांहीं कारण आहे, याचा आम्ही येथें विचार करणार आहोंत.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं बारा हा आंकडा अनादि नव्हे. युरोपांतील ल्यूट आणि जुनी गिटार या वाद्यांचे पडदे तातीचे असत, आणि आपल्याकडे सतारीचे पडदे दांडीस बांधतात त्याप्रमाणेंच ते बांधलेले असत. दांडी धडास मिळाली म्हणजे तात गुंडाळण्याची सोय संपे. म्हणून पुढील पडदे लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे करून तबलीवरच चिकटवीत. पुढें धातूचे कायमचे पडदे व सहा एकेरी तारा रूढ झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सांधा बाराव्या पडद्याशीं स्थिरावला. तेथें तार बरोबर निम्मी होते. मोकळ्या तारेपासून वरच्या सप्तकांतील त्याच स्वरापर्यंत डाव्या हातास मग कोठेंच अडथळा येत नसे.

या गिटारीस आजचें रूप दिलें तें स्पेनांतील आल्मेरियाच्या आन्तोनियो दे तोरेस (1817–1892) यानें. त्यानें धड मोठें केलें, तबली पातळ केली, तिला आंतून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. तारेची लांबी सुमारें 650 मिलिमीटर धरण्याची चाल त्याच्याच नमुन्यावरून पडली. आवाजाचें मर्म तबलींत आहे, हें दाखविण्यासाठीं त्यानें 1862 मध्यें बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची असलेली एक गिटार बनविली. ती बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे.

तबली मुख्य ठरली म्हणजे सांध्याचा प्रश्न सुटूं लागतो. 650 मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा घोडीपासून 325 मिलिमीटरवर येतो, चौदावा सुमारें 290 वर. म्हणजे धड तेंच ठेवून सांधा चौदाव्या पडद्याशीं नेला, तर घोडी सुमारें 35 मिलिमीटर मधल्या भोकाकडे सरकते. बारा पडद्यांच्या रचनेंत ती धडाच्या खालच्या रुंद भागाच्या मध्याजवळ बसते, आणि तबली तेथेंच सर्वांत मोकळेपणीं हलते. भोकाजवळ आडव्या पट्ट्यांमुळें ती ताठ असते. घोडी जागेवरच ठेवून धडाचा वरचा भाग आंखूड करतां येईल. पण मग आंतील हवेची जागा घटते, आणि खर्जाच्या भरदारपणास तिचाच आधार असतो. तात्पर्य, सांधा एकटा हलत नाहीं.

तरीहि अमेरिकेंत तो हलला. अॅटलांटाचा बँजोवादक पेरी बेक्टेल याच्या मागणीवरून मार्टिन कंपनीनें 1929 मध्यें धडाचे खांदे आंखूड करून चौदा पडद्यांची गिटार काढली. बँजोच्या लांब दांडीवर फिरलेल्या बोटांना वरचे स्वर हवे होते, आणि थोड्याच वर्षांत ही रचना सर्वत्र पसरली. मात्र या वाद्याच्या तारा पोलादी होत्या. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारें 70 किलो भरतो, नायलॉनचा सुमारें 40. जोरदार तारेला ताठ जागाहि हलवितां येते. मऊ तारेला तितकी उधळपट्टी परवडत नाहीं.

नायलॉन गिटारीवर आलें तें युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धांत तात शस्त्रक्रियेच्या टांक्यांसाठीं जाऊं लागली आणि वादकांस तिची टंचाई पडली. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन यानें 1940 नंतरच्या दशकांत नायलॉनच्या तारा तयार केल्या, व आन्द्रेस सेगोव्हिया यानें त्यांचा पुरस्कार केला. सेगोव्हियाची प्रसिद्ध गिटार जर्मन कारागीर हेरमान हाउझर यानें 1937 मध्यें, म्हणजे तातीच्या काळांत, केलेली होती. तिच्यावर नायलॉन चढलें आणि शोभलें. ताण जवळजवळ तोच राहिल्यामुळें सांधा बदलण्याचें कारणच पडलें नाहीं.

वादकाची तक्रार खोटी नव्हे. बाराव्या पडद्यापुढें त्याच्या हाताला धडाचा खांदा आडवा येतो. यावर कोणी खांद्याला खांच दिली. अमेरिकेंतील टॉमस हम्फ्री यानें 1985 मध्यें सांधा तेथेंच ठेवून बोटांखालची पट्टी तबलीच्या वर उचलली. पोलादी तारांची संवय असलेल्यांसाठीं चौदाव्या पडद्याशीं जोडलेल्या नायलॉनच्या गिटारीहि निघाल्या आहेत. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. वरच्या स्वरांची मोकळीक ही कांहीं थोडी गोष्ट नव्हे. पण सांधा पुढें नेणाऱ्या कारागिरानें घोडीचा हिशेब दिला पाहिजे.

घरांत मुलासाठीं गिटार घेतांना पडदे मोजण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं घोडी कोठें बसली आहे तें पाहावें. लांब बाहेर गेलेल्या दांडीवर पहिला पडदा लहान हातापासून दूर जातो, हेंहि ध्यानांत ठेवावें. आणि मग डोळे मिटून खर्जाची तार छेडावी. बाराचा आंकडा पवित्र नाहीं; तबलीचें मोकळेपण मात्र राखलें पाहिजे. तोरेसनें पुठ्ठ्याची गिटार करून हेंच सांगितलें होतें.