सी. व्ही. ७७७ : एका लशीच्या अपयशाची मीमांसा

१९७१ साली इंग्लंडमधील डुकरांत अतिसाराची एक साथ उद्भवली. मोठी डुकरे आजारी पडत, पण दूध पिणारी पिल्ले बहुधा बचावत. म्हणून तिचे फारसे भय कोणास वाटले नाही. पाच वर्षांनी ती सर्व वयांच्या डुकरांत पसरली. १९७८ मध्ये बेल्जममधील पेन्सार्ट व डी बूक यांनी तिच्या मुळाशी एक नवा कोरोनाविषाणू असल्याचे दाखविले. तोच 'सी. व्ही. ७७७' हा वाण होय. चीनमध्ये याच वाणापासून सिद्ध केलेली लस पुढे दीर्घकाळ वापरात होती.

ऑक्टोबर २०१० पासून दक्षिण चीनमध्ये या रोगाने दहा लाखांहून अधिक पिल्ले दगावली. लस टोचलेले कळपही सुटले नाहीत. विषाणूच्या पृष्ठभागावरील कंटकप्रथिन तपासता सी. व्ही. ७७७ च्या तुलनेत त्यात काही अमिनो आम्लांची भर, तर काहींची गळती झालेली आढळली. विषाणू बदलला, लस जुनीच राहिली, असा निष्कर्ष त्यावरून रूढ झाला.

हा निष्कर्ष खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. पिल्लास जे संरक्षण मिळते ते चिकातून व दुधातून. आणि आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारी 'ए' वर्गाची प्रतिपिंडे दुधात विपुल उतरतात ती मुख्यतः आईच्या आतड्यास विषाणूचा संसर्ग झाल्यावरच. टोचलेली मृत लस रक्तातील प्रतिपिंडे वाढविते, दुधातील फारशी नाही. (चीनमध्ये ही लस शेपटीखालच्या 'होउहाय' या सूचिबिंदूत टोचीत; ही अडचण लसकारांच्या ध्यानी असावी.) २०१० पूर्वी तेथील साथी तुरळक असत. ती शांतता लशीमुळे होती की विषाणूच्या सौम्यपणामुळे, हा प्रश्न तोवर कोणास विचारावाच लागला नाही.

एप्रिल २०१३ मध्ये हा रोग अमेरिकेत प्रथम आढळला, तेव्हा तेथे लसच नव्हती. पालकांनी आजारी पिल्लांची आतडी व विष्ठा गाभण डुकरिणींस खाऊ घातली. उपाय किळसवाणा खरा. पण त्यात विषाणू त्याच कळपातला, त्याच दिवसांतला असे, आणि तो तोंडावाटे जाई. लशीच्या दोन्ही उणिवा एकदमच भरून निघत. त्यामुळे पिल्ले वाचली त्याचे श्रेय कोणत्या कारणास किती द्यावे, हे या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही. शिवाय त्या कळपातील इतर रोगांचे जंतूही त्याबरोबर डुकरिणींच्या पोटात जात, ते निराळेच.