अंगावर काढलेलं दुखणं आणि विधान परिषदेतला प्रश्न

विधिमंडळातला प्रश्न इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा, ते आज आपण एका उदाहरणावरून बघणार आहोत. उदाहरण बीड जिल्ह्यातलं आहे, आणि फार जुनं नाही. जून २०१९.

त्या पावसाळी अधिवेशनात नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत विषय काढला की बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात आहेत. एप्रिलमध्ये वृत्तपत्रांतून हे बाहेर आलं होतं आणि राष्ट्रीय महिला आयोगानं राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीसही काढली होती. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं: तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ शस्त्रक्रिया. आकडा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीनं जमवलेला होता. विचारणाऱ्या आणि उत्तर देणारे दोघंही शिवसेनेचे, म्हणजे हा विरोधकांचा हल्ला नव्हता. सभागृहात चौकशी समिती जाहीर झाली.

आता थोडं मागे जाऊ. सरकारला सभागृहात प्रश्न विचारायचा हक्क ब्रिटिश मुलखात १८९२ च्या कायद्यानं आला, उपप्रश्नाचा १९०९ मध्ये. पण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. पुणे-साताऱ्याचा सभासद मुंबईच्या कौन्सिलात प्लेगबद्दल, दवाखान्यांबद्दल सरकारला बोलतं करत होता, तेव्हा बीडच्या माणसाला तसं दारच नव्हतं. हैदराबादची पहिली निवडून आलेली विधानसभा १९५२ ची. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे सरकारला प्रश्न विचारायची सवय इथे दोन पिढ्या उशिरा लागली, हे ध्यानात ठेवा.

पुढे १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली अनुशेषाची समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही तिच्या मोजणीत होती. रीत अशी, की राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा तिच्या किती खाली आहे ते बघायचं. मराठवाड्याच्या आमदारांच्या हाती त्यामुळे एक भाषा आली. अनुशेष किती, तो कधी भरणार, पदं रिक्त किती, खाटा किती. आजही तारांकित प्रश्न याच भाषेत येतात. ही भाषा उपयोगाची आहे, तिची टिंगल आम्ही करणार नाही. बीडच्या वाट्याला काहीच आलं नाही असंही नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून आहे, आणि याच जिल्ह्याच्या केजच्या आमदार डॉ. विमल मुंदडा राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या.

मग ९९ खासगी रुग्णालयं मध्ये आली कुठून?

इथे उसाचं पंचांग बघावं लागतं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, काही कर्नाटकात. कामाला लावतात ते एका माणसाला नाही, ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती पैसे नव्हे तर टनावर फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याचा दंड, आणि जोडीतलं एक जण बसलं तर दुसऱ्याचंही काम अडतं. राहायला फडाशेजारी कोपी. न्हाणी नाही, संडास नाही. पहाटे तोड, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, गाडी रात्री आली तर रात्री.

अशा बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, पाळी बिघडली, तर ती काय करते? अंगावर काढते. मराठीत हा शब्दप्रयोग उगाच नाही. हंगाम संपेपर्यंत काढते, गावी आल्यावर बघू म्हणते. गावी आली की पेरणीच्या आधीचे थोडे आठवडे हाताशी. सरकारी रुग्णालयात तपासणी आज, सोनोग्राफी पुढच्या तारखेला, रिपोर्ट घेऊन पुन्हा या, असं चालतं. ज्याला घरी राहायचं आहे त्याला ही रांग परवडते. हिला नाही. खासगीत त्याच दिवशी कुणी सांगतं की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. पाळीचा त्रास संपेल, खाडा पडणार नाही, हेही तिला पटतं. पैसे पुन्हा उचलीतून. पुढच्या हंगामाची बांधणी तिथेच झाली.

आता ते उत्तर पुन्हा वाचा. ४,६०५ शस्त्रक्रिया, ९९ रुग्णालयं. खासगी रुग्णालयांच्या नोंदवह्यांत जे सापडलं ते मोजलं गेलं. सहा महिने कोपीत दुखणं काढलेली बाई कुठल्याच नोंदवहीत नाही. ती रांगेत उभीच राहिली नाही, म्हणून सरकारी प्रतीक्षायादीतही नाही. शिवाय ती मत देते बीडमध्ये आणि आजारी पडते कोल्हापुरात. ज्या फडात ती आजारी पडली, तिथल्या आमदाराची ती मतदार नाही, आणि बीडचा आमदार विचारतो बीडच्या रुग्णालयाबद्दल. आमच्या मते प्रश्नोत्तराच्या पद्धतीतली मोठी फट हीच आहे. ती कुणाच्या वाईट हेतूनं पडलेली नाही. मतदारसंघ जमिनीवर आखलेला असतो आणि ही माणसं अर्धं वर्ष त्या जमिनीवर नसतात.

पण त्या प्रश्नानं एक गोष्ट नक्की घडवली. समितीच्या कामात रुग्णालयांच्या वह्यांऐवजी बायकांनाच गाठलं गेलं. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींमागे एक. त्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे धरता येत नाहीत, तरी अंतर केवढं आहे ते बघा. पहिल्या उत्तरातले ४,६०५ आणि हे १३,८६१ एकमेकांच्या विरोधात नाहीत. एक आकडा तीन वर्षांचा, दुसरा आयुष्यभराचा. एक विचारला डॉक्टरांना, दुसरा बायकांना.

२०१९ नंतर जिल्ह्यात नियम आला, की खासगी रुग्णालयानं गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. पुढे ५ एप्रिल २०२३ ला, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. परवानगीच्या नियमानं शस्त्रक्रियेला लगाम बसतो. मात्र ती परवानगी बीडमध्ये मिळते, आणि पांढरं जायला लागतं ते जानेवारीत, फडावर. तिथून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे आणि संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर ते उघडं असतं का, हा प्रश्न बीडच्या आमदारानं विचारायचा की शिरोळच्या?